दुसऱ्या पानावर

ओड्डवार कुलूपवाल्याला मी पहिल्यांदा समजावलं
तेव्हा त्याच्या दुकानात कानशीखालून पितळेचा भुसा उडत होता.
शब्द विकत घ्यायचे, म्हटलं.
तो म्हणाला, शब्द द्यायचा असतो,
एवढंच माझ्या बापानं शिकवलंय.
विकत कोण घेतं?

सगळेच, म्हटलं.
आत्ता या क्षणी ट्रोम्सोत कुणीतरी
हातमोजा दातांनी ओढून थिजल्या अंगठ्यानं लिहितंय:
कुलूपवाला, जवळ, आत्ता.
अंगठा उचलायच्या आत
त्या तीन शब्दांचा लिलाव झालासुद्धा.
'जवळ' सगळ्यात महाग.
'जवळ'वर बोली लावणारे ओस्लोत बसतात,
आपल्या गावाचं नाव स्वतःच्या नावाला चिकटवून.
तू दोन गल्ल्या सोडून राहतोस,
आणि यादीत दुसऱ्या पानावर.
काखेत कळसा खरा,
पण काख कुणाला दिसत नाही.

किती? त्यानं विचारलं.
एका क्लिकला बावन्न क्रोनर.
दार उघडलं की?
नाही. नुसतं दाराकडे बघितलं तरी.

कीवर्ड म्हणजे आमच्या भाषेत किल्लीचाच शब्द,
हे तेवढं त्याला आवडलं.
नको असलेल्या शब्दांचीही यादी केली, कॉफी पीत:
फुकट. घरच्या घरी. हेअरपिननं. शेजाऱ्याचं.
'शेजाऱ्याचं' कशाला?
चाळीस वर्षं हा धंदा करतोय, तूर्डिस, तो म्हणाला.

मग डिसेंबर. सूर्य सुट्टीवर.
रोज सकाळी आठला तीन क्लिक, फोन एकही नाही.
दिवसाचे दीडशे क्रोनर साडेआठला खलास.
पुलापलीकडचा ईवार, तोही कुलूपवालाच,
नाश्त्याबरोबर आमचं बजेट खातोय असा मला संशय.
पुरावा नाही.

मी म्हटलं, तुझं जुनं पान तरी नीट करूया.
ते सुल्फ्रिदनं केलेलं.
जांभळ्यावर पिवळी अक्षरं,
कोपऱ्यात गोल गोल फिरणारी किल्ली,
खाली: रात्री-बेरात्री फोन करा. मी उचलते.
मोबाइलवर ते अर्धं कापलं जायचं.
बघू, तो म्हणाला. मार्चनंतर.
कुठल्या वर्षीचा मार्च ते नाही म्हणाला.

नऊ जानेवारीचा अहवाल.
रात्री दोन वाजून चौदा मिनिटं.
जाहिरात दिसली: एकदा. क्लिक: शून्य.
असे शून्य मी रोज शंभर बघते.
याचं मात्र त्यानं दहा दिवसांनी स्वतःहून सांगितलं.

कचरा टाकायला उतरला, लोकरीच्या चपलांत.
मागे दार आपोआप लागलं.
हत्यारं गाडीत, गाडीची किल्ली आत.
खिशात फोन तेवढा होता.
त्यानंही लिहिले तेच तीन शब्द,
आणि सगळ्यात वर तोच.
स्वतःच्या नावावर अंगठा नेला, आणि थांबला.
बावन्न क्रोनर!
मग ओस्लोवाल्यांच्या पायऱ्यांवरून
खाली खाली उतरत गेला,
दुसऱ्या पानापर्यंत.
जांभळं. फिरती किल्ली. मी उचलते.
इथं पैसे पडत नव्हते.
त्यानं नंबर दाबला.

दारापलीकडे, आत, लँडलाइन वाजायला लागली.

किती वेळ? मी विचारलं.
मोजलं नाही, म्हणाला. पाय बधिर झाले होते.

मग ईवारला फोन केला.
तो आला, चार मिनिटांत दार उघडलं,
पैसे घेतले नाहीत.
कुलूप चांगलं निवडलंयस, एवढंच बोलला.
त्या आठवड्यापासून सकाळी आठचे क्लिक बंद.
हे मी ओड्डवारला सांगितलेलं नाही.

आता जाहिरात दुपारीही जागी असते.
जुन्या पानापुढे माझ्या वहीत नोंद आहे: सुधारणा बाकी.
दर मार्चला
मी तारीख पुढे ढकलते.